ऑक्सिमीटर ९३ दाखवतो, मग धाप कशाची?

प्रश्न: माझ्या यजमानांना (वय ६४) सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. खुर्चीत बसून तासभर गप्पा मारतात, पण आंघोळ करून आले की धापा टाकतात. ऑक्सिमीटर ९३ दाखवतो. मुलगा म्हणतो, बाबा नाटक करतात. परवा मीही त्यांच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटलं, म्हणून आता त्यांचं सगळं मीच करते. माझं कुठे चुकतंय का?

उत्तर: ताई, नाटक मुळीच नाही. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन मोजतो, धाप नाही. या आजारात श्वासनळ्या अरुंद होतात आणि श्वास सोडताना मिटू लागतात. जुनी हवा बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास येतो. हालचाल वाढली की श्वास भरभर होतो, हवा आणखी साठते आणि फुगलेल्या छातीत नव्या हवेला जागाच उरत नाही. मुलाला सांगा, छाती भरून श्वास घे, त्यातला थोडासाच सोड आणि त्याच्यावरच पुढचे चार-पाच श्वास घेऊन बघ. वाद तिथेच मिटेल.

आंघोळीत तर हातही वर जातात. एरवी श्वासाला मदत करणारे मान-खांद्यांचे स्नायू मग डोक्यावर पाणी ओतायच्या कामाला जुंपले जातात. म्हणून स्टूलवर बसून आंघोळ, पाणी कोमट, दार किंचित उघडं म्हणजे वाफ कोंडणार नाही. अंग खसाखसा पुसणं नको. टॉवेलच्या कापडाचा झगा चढवून पाच मिनिटं बसू दे, पाणी आपोआप टिपलं जातं. श्वास नाकाने दोन अंक मोजत घ्यायचा आणि शिट्टीसारखे ओठ करून चार अंक मोजत सोडायचा. जोराने फुंकायचं नाही. उठणं, वाकणं, जोर लावणं हे सगळं श्वास सोडताना. याचा सराव शांत बसलेले असताना करून घ्या, धाप लागल्यावर शिकवायला गेलात तर चिडतीलच.

औषधाचा पंप (इनहेलर) घेताना एकदा नीट बघा. दाबायच्या पंपाचा फवारा तोंडातून बाहेर येताना दिसला, तर तेवढं औषध वाया गेलं. आधी पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत ओढू लागताच दाबायचा आणि १० सेकंद श्वास रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या-एका मिनिटाने. वेळ साधत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागून घ्या. कॅप्सूल किंवा पावडरच्या पंपाचं मात्र उलट, त्यातलं औषध जोरात ओढावं लागतं. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

बेडका वाढला, घट्ट किंवा हिरवट झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ओठ निळसर दिसले, गुंगी आली किंवा वाक्य पुरं होईना, तर थेट रुग्णालय गाठा.

ओरडलात, त्याची माफी मागा आणि विषय संपवा. खरी चूक दुसरी आहे, सगळं तुम्ही करणं. काम नाही म्हणून पायांचे स्नायू झिजतात आणि झिजलेल्या स्नायूंना थोड्या कामालाही जास्त हवा लागते. धाप आणखी लवकर लागते, की पुन्हा काम कमी. डॉक्टरांना ‘पल्मोनरी रिहॅबिलिटेशन’बद्दल विचारा. त्यात सहा-आठ आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेतात. तोवर घरातल्या घरात, थांबत थांबत का होईना, रोज चालू दे. आणि शर्टाची बटणं त्यांची त्यांनाच लावू दे, दहा मिनिटं लागली तरी.