जीपीएस यंत्र संगणकाला जोडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सामूहिक वनहक्काची हद्द नोंदवायला आमच्या ग्रामसभेकडे सिरियल केबलचे जुने जीपीएस यंत्र आहे, नव्या लॅपटॉपला तसे पोर्टच नाही. काय करावे? (धानोरा, जि. गडचिरोली)

उत्तर : यंत्र चालू असेल तर ते टाकून देऊ नये. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर (सिरियल केबल यूएसबीला जोडणारा जोड) घेऊन त्याचा ड्रायव्हर बसवला, की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’खाली त्याचा कॉम क्रमांक, म्हणजे पोर्टचा क्रमांक, दिसतो. यंत्राच्या मेन्यूत इंटरफेस ‘एनएमईए’ (स्थानाची माहिती मजकुराच्या ओळींत पाठवण्याची प्रमाण पद्धत) ठेवावा आणि संगणकावर माहिती येण्याचा वेग ४८०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी मांडणी करावी. नकाशाचे सॉफ्टवेअर उघडण्याआधी ‘पुटी’सारख्या टर्मिनल प्रोग्राममध्ये तो पोर्ट उघडून येणारा मजकूर डोळ्यांनी पाहावा, असा माझा आग्रह आहे, कारण दोष नेमका कुठे आहे हे तिथेच कळते. डॉलर चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी दिसल्या तर जोडणी ठीक आहे. निरर्थक चिन्हे आली तर वेग जुळलेला नाही. काहीच आले नाही तर कॉम क्रमांक, यंत्राची मांडणी आणि केबलमधील २ व ३ क्रमांकाच्या पिना तपासाव्यात. ‘जीपीआरएमसी’ने सुरू होणाऱ्या, वेळ व स्थान सांगणाऱ्या ओळीत वेळेनंतर ‘व्ही’ हे अक्षर असेल, तर केबलला दोष देऊ नये. यंत्राला अजून खात्रीचे स्थान मिळालेले नाही. दाट सागवनात हे नेहमीच होते. मोकळ्या जागी येऊन थांबावे. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला पंधरा-वीस मिनिटेही लागू शकतात. तपासणी झाली की टर्मिनल बंद करावे, कारण एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम वापरू शकतो.

प्रश्न : जीपीएस जोडताच माऊसचा बाण स्क्रीनभर उड्या मारतो. (नेर, जि. यवतमाळ)

उत्तर : विंडोज त्या यंत्राला सिरियल माऊस समजते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीतील ‘सिरियल बॉलपॉइंट’ ही नोंद ‘डिसेबल’ करावी. काढून टाकल्यास ती पुन्हा येते.

प्रश्न : पोर्टवरून घेतलेले आकडे टाकले, तर आमची विहीर नकाशावर कित्येक किलोमीटर नैर्ऋत्येला दिसते. (वर्धा)

उत्तर : आकडे बरोबर आहेत, वाचन चुकते आहे. एनएमईएमधील २०४५.६००० म्हणजे २०.४५६ अंश नव्हे, तर २० अंश आणि ४५.६ मिनिटे. मिनिटांना ६० ने भागले की ०.७६ येतात, म्हणून खरा अक्षांश २०.७६ अंश. एवढ्या फरकाने विहीर सुमारे ३४ किलोमीटर दक्षिणेला जाते. रेखांशात अंशांसाठी पहिले तीन आकडे घ्यावेत.

प्रश्न : शेजाऱ्याने धुरा (शेताचा बांध) सरकवला आहे. जीपीएसच्या नोंदी पुरावा म्हणून चालतील का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : त्यांच्यावर विसंबू नये. साध्या यंत्राची चूक मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर असते आणि धुऱ्याचा वाद असतो हाता-दोन हातांचा. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा.