'मु. कोया, ता. इतो, जि. वाकायामा' चालेल का?

प्रश्न असा आला आहे: जपानमधल्या कोयासान इथे 2015 साली डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसला, त्या जागेचा पत्ता 'वाकायामा-केन, इतो-गुन, कोया-चो' असा दिसतो. मराठीत त्याचं 'मु. कोया, ता. इतो, जि. वाकायामा' केलं तर चालेल का?

वाचायला अगदी घरचं वाटतं. पण गाडी अडते ती तालुक्यावर. ज्याचं 'तालुका' केलं त्या 'गुन'ला एके काळी कचेरी होती; ती 1926 साली बंद झाली. ना तहसीलदार, ना पंचायत समिती. आता गुन उरलंय ते पत्त्यापुरतं. तेही फक्त 'चो' (साधारण नगर) आणि 'सोन' (साधारण गाव) यांच्या पत्त्यात, कारण 'शि'चा (मोठ्या पालिकेचा) दर्जा मिळाला की ते ठिकाण गुनमधून बाहेर पडतं.

'केन'ला जिल्हा म्हणणं त्यामानाने बरं. 'राज्य' नको, जपान काही संघराज्य नाही. मात्र केनचा प्रमुख 1947 पासून लोक निवडून देतात, तेव्हा 'जिल्हा' म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे कलेक्टरसाहेब तिथे नाहीत. 'प्रांत' लिहावं, तर आपल्याकडे प्रांत ऑफिस आडवं येतं! मी सरळ 'प्रिफेक्चर' लिहितो.

खरी गंमत शि, चो आणि सोन यांत आहे. आपण शहर, गाव म्हणतो ते वस्ती पाहून. जपानी शब्द वस्तीचे नाहीत, हद्दीचे आहेत. आपल्या शब्दांत सांगायचं तर 'शि' म्हणजे शहर नव्हे, पालिकेची हद्द. गिफू प्रिफेक्चरमधल्या ताकायामा-शिचं क्षेत्रफळ 2,177 चौरस किलोमीटर आहे, आणि त्यात बहुतेक डोंगर आणि जंगल. 2005 साली आजूबाजूची चो आणि सोन त्यात विलीन झाली. पुणेकरांना 'समाविष्ट गावं' म्हटलं की लगेच कळेल.

शि व्हायला साधारण 50 हजार लोकसंख्या लागते, पण ती भरली की आपोआप बढती मिळते असं नाही. हिरोशिमा प्रिफेक्चरमध्ये फुचू-शि आहे आणि फुचू-चोही आहे. चोमध्ये 50 हजारांवर माणसं राहतात, शिमध्ये 40 हजारांच्या आत! उलट होक्काइदोतल्या उताशिनाईत कोळशाच्या खाणी बंद पडल्या, लोकसंख्या 46 हजारांवरून 3 हजारांच्या खाली आली, तरी पाटी अजून 'शि'चीच आहे. म्हणून लोकसंख्या बघून शहर की गाव ते ठरवू नका. शिवाय चो हे शिच्या हाताखाली नसतं. शि, चो, सोन तिन्ही आपापल्या जागी स्वतंत्र, प्रत्येकाचा प्रमुख निवडून आलेला.

(काही ठिकाणी 'चो'चा उच्चार 'माची' होतो. राजगडाच्या सुवेळा माचीशी त्याचा संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. 'सोन'चाही बहुतेक ठिकाणी 'मुरा' होतो.)

तेव्हा लेखात 'वाकायामा प्रिफेक्चरमधलं कोया हे छोटं नगर' एवढं पुरे. इतो गाळलं तरी बिघडत नाही. पाकिटावर पत्ता घालायचा असेल तर मात्र केन, गुन, चो जसेच्या तसे ठेवा. तिथला पोस्टमन 'ता.' कुठे शोधणार?