इकॉलॉजी आणि पर्यावरण यांची सरमिसळ नको

प्रश्न असा होता की 'इकॉलॉजी'ला मराठीत पर्यावरणशास्त्र म्हणायचं, परिस्थितिकी म्हणायचं की सरळ इकॉलॉजीच लिहायचं, आणि परिसंस्था, अधिवास वगैरे शब्द यात नेमके कुठे बसतात.

परिस्थितिकी लिहा नाहीतर इकॉलॉजी लिहा, दोन्ही चालतं, पण पर्यावरण हा शब्द तिथे नको. पर्यावरण म्हणजे भोवतालचं सगळं, आणि पर्यावरणशास्त्रात प्रदूषण, सांडपाणी, कचरा, कायदे असं बरंच काही येतं. इकॉलॉजीचं काम त्यामानाने नेमकं आहे, कोण कुठे राहतं, काय खातं, त्याला कोण खातं, एखाद्या जागी अमुक जीव आहे आणि शेजारच्या जागी का नाही, म्हणजे सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालाशी असलेले संबंध. एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1866 साली घर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हा शब्द बनवला. मराठीत जुन्या लिखाणात परिस्थितिविज्ञान पण दिसतं. फक्त हल्ली पेपरात 'पारिस्थितिकी तंत्र' असं येतं ते सरळ हिंदीतून उचललेलं आहे, इकोसिस्टिमसाठी आपल्याकडे 'परिसंस्था' इतका सुटसुटीत शब्द असताना ते कशाला हवं?

हा नुसता शब्दाचा कीस नाहीये, दोन्ही एकच समजलं की जमिनीवर नुकसान होतं. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचे पूर्वेकडचे तालुके इथली माळरानं बघा. पाऊस कमी, माती वीतभर आणि खाली मुरूम, त्यामुळे तिथे दाट जंगल मुळात होतच नाही, गवत होतं. उन्हाळ्यात माळ उजाड दिसतो, सरकारी नोंदीत त्यातला बराच भाग 'पडीक' म्हणून लागतो, मग कोणीतरी अगदी चांगल्या मनाने पर्यावरणासाठी म्हणून तिथे खड्डे घेतं आणि ग्लिरिसिडिया नावाची बाहेरची झाडं लावतं. आता धाविक किंवा माळटिटवी हे माळावरचे पक्षी अंडी घालतात ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, अंड्यांचा रंगही आसपासच्या मुरमासारखा, आपण दोन पावलांवर उभे असलो तरी दिसत नाहीत. अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला लांबवरचं दिसावं लागतं, धोका दिसला की तो आधीच उठून गुपचूप बाजूला जातो. तिथे झाडं वाढली की नजर अडते, कावळ्यांना बसायला जागा मिळते, सावलीखालचं गवत विरळ होतं, आणि माळावरची ही पाखरं तिथून हटतात. झाडं वाढली म्हणून पर्यावरणाच्या खात्यात जमा दिसते आणि परिस्थितिकीच्या हिशोबात मात्र एक अख्खी परिसंस्था गेलेली असते.

बाकीचे शब्द पण याच माळावर समजून घेता येतात. एकट्या जीवाचा अभ्यास ही एक पातळी. एका जागेतली सगळी काळविटं मिळून झाली समष्टी (जीवसंख्या पण म्हणतात). काळवीट, खोकड, लांडगा, गवत, नाकतोडे सगळे मिळून जीवसमुदाय. त्यात माती, पाणी, ऊन धरलं की परिसंस्था, हा शब्द इंग्रजीत 1935 साली आर्थर टान्स्ली यांनी रूढ केला. त्याच्या वर जीवसंहती म्हणजे बायोम (सारख्या हवामानातल्या परिसंस्थांचा मोठा पट्टा) आणि सगळ्यात वर जीवावरण, म्हणजे पृथ्वीवर जिथे जिथे जीव आहेत तो सगळा भाग. इकॉलॉजीच्या बऱ्याचशा शाखा याच पातळ्यांवर पडतात, शिवाय जागेप्रमाणे गोड्या पाण्याची, सागरी, वनांची वगैरे.

अधिवास म्हणजे राहण्याची जागा. आणि निश (इंग्रजीतलं niche) म्हणजे त्या जागेत तो जीव काय करून जगतो ते, पाखुर्डी हा पक्षी आणि माळटिटवी एकाच माळावर असतात पण पाखुर्डी बिया टिपते आणि टिटवी किडे, त्यामुळे अधिवास एक, निश वेगळी. निशसाठी काही जण 'कोनाडा' लिहितात, मला तो अजिबात पटत नाही, कारण त्यातून परत जागेचाच अर्थ निघतो. निश असंच लिहावं.

अन्नसाखळी शाळेत झालेली असते, फक्त त्यातला ऊर्जेचा भाग विसरला जातो. एका पायरीवरची ढोबळमानाने 10 टक्केच ऊर्जा वरच्या पायरीला पोचते, म्हणून गवत भरपूर, चरणारे त्याहून कमी आणि लांडगे मोजके. आपल्याकडचा लांडगा बराचसा धनगरांच्या मेंढरांवर जगतो, त्यामुळे माळाची परिस्थितिकी लिहिताना वाडा (धनगरांचा मेंढरांसह पडणारा तळ), मेंढरं आणि चराई बाहेर ठेवून चालत नाही, माणूस त्या साखळीत आहेच.

राहिला प्रश्न 'रिस्टोरेशन इकॉलॉजी'चा, तोही विचारला होता. बिघडलेली परिसंस्था पूर्ववत कशी करायची याचा हा अभ्यास, त्याला पुनर्स्थापन परिस्थितिकी म्हणता येईल. माळाच्या बाबतीत त्याचा अर्थ बाहेरून आणून लावलेली झाडं काढणं आणि पवन्या, मारवेल असं तिथलंच गवत परत येऊ देणं.