‘माजी माजी’ उठाव: ‘माजी’ म्हणजे काय?

पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात ‘माजी माजी उठाव’ असा उल्लेख आढळतो. तो माजी सैनिकांनी केला होता काय, आणि नसल्यास हे नाव मराठीत कसे लिहावे, अशी पृच्छा आहे.

माजी सैनिकांशी या नावाचा काहीही संबंध नाही. आपला ‘माजी’ मूळचा अरबी, त्याचा अर्थ ‘पूर्वीचा’. स्वाहिलीतील ‘माजी’ बांटू कुळातला असून त्याचा अर्थ ‘पाणी’. उच्चार जवळजवळ सारखाच असल्याने लेखन बदलण्याचे कारण नाही. अवतरणचिन्हे घालून पहिल्या उल्लेखापाशी अर्थ दिला, की पुरे.

मात्र ‘पाण्याचा उठाव’ एवढ्यावर थांबल्यास वाचकाची दिशाभूल होते, कारण या नावात उठावाचे साधन आहे, कारण नाही. आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर तेव्हा जर्मनांची सत्ता होती. न्गारांबे गावातील किंजिकिटिले न्ग्वाले या मांत्रिकाने पाणी, एरंडेल आणि भरडधान्याचे दाणे यांचे औषध दिले. त्या औषधाने जर्मन गोळ्यांचे पाणी होईल, अशी श्रद्धा होती. एरवी एकमेकांपासून फटकून असणाऱ्या जमाती या श्रद्धेमुळे एकत्र आल्या, हे खरेच.

पण जुलै 1905मध्ये मातुंबी टेकड्यांतल्या नांदेते गावी लोकांनी प्रथम उपटली ती कपाशीची झाडे. 1902पासून दक्षिणेकडील गावांवर सामायिक शेतांत कापूस पिकवण्याची सक्ती झाली होती. घरच्या शेतीला हात हवे असत नेमके तेव्हाच माणसे त्या शेतांवर राबत, आणि मजुरी इतकी तुटपुंजी असे की काहींनी ती घेण्याचेच नाकारले. त्यात 1898पासून झोपडीवर कर होता. तो ‘रुपी’ या नाण्यात मोजला जाई (होय, हा आपलाच रुपया, हिंदी महासागराच्या व्यापारातून तिथे रुजलेला आणि जर्मनांनी पुढे आपल्या टांकसाळीतून पाडलेला). पैसा नसेल त्याच्या वाट्याला वेठ येई. ही वसुली आणि वेठ ज्यांच्या हातून होई ते ‘आकिडा’ नावाचे अंमलदार बहुधा किनाऱ्यावरून आणलेले, म्हणजे गावाला परकेच असत.

गव्हर्नर ग्योट्सेन यांनी मांत्रिकांच्या चिथावणीवरच बोट ठेवले. तसे केल्याने कापसाच्या योजनेचा जाब द्यावा लागत नव्हता. म्हणून मराठीत ‘मांत्रिकांचे बंड’ असा पर्याय सुचवला जातो तो मला मान्य नाही. 1907पर्यंत चाललेल्या या संघर्षात जर्मनांनी उभी पिके आणि धान्याची कोठारे जाळली, आणि बहुतेक बळी त्यानंतरच्या दुष्काळाने घेतले. ‘उठाव’ हाच शब्द ठेवावा.