ठाण्यातील कवी असलेल्या वडिलांवरचा विकिपीडिया लेख मुलाने गौरव स्मरणिका, पुस्तकांची मलपृष्ठे व कुटुंबाचे संकेतस्थळ यांच्या आधारे लिहावा का?

नाही, वडिलांवरील लेख आपण स्वतः लिहून थेट प्रकाशित करू नये, आणि आपण सांगितलेली गौरव स्मरणिका, पुस्तकांची मलपृष्ठे व कुटुंबाचे संकेतस्थळ एवढ्याच आधारावर तो टिकणारही नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या लिखित निकषांनुसार व्यक्तीची उल्लेखनीयता, म्हणजे तिच्यावर स्वतंत्र लेख असण्याची पात्रता, ठरते ती तिच्याशी संबंध नसलेल्यांनी, संपादकीय तपासणी असलेल्या प्रकाशनांत तिच्याविषयी केलेल्या सविस्तर लेखनावरून. मलपृष्ठावरचा मजकूर लेखकाकडून किंवा प्रकाशकाकडूनच आलेला असतो, आणि प्रसिद्धिपत्रक वृत्तपत्रात जसेच्या तसे छापले गेले म्हणून ते स्वतंत्र साधन होत नाही. हा फरक फार लोकांच्या ध्यानात येत नाही, आणि चांगल्या कवींचे लेखही त्यापायी वगळले जातात, याचे वाईट वाटते. पैसे देऊन लेख लिहवून घेणे हाही मार्ग नव्हे, कारण मोबदला घेणाऱ्या संपादकाने तसे जाहीर करणे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेच्या वापराच्या अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. त्यापेक्षा ठाण्यातच १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन वडिलांच्या संग्रहांवरील परीक्षणे व समीक्षाग्रंथांतील उल्लेख शोधावेत आणि:

- प्रत्येकाचे लेखक, अंक, दिनांक व पृष्ठ क्रमांक टिपून घ्यावेत;
- विकिपीडियावरील मसुदा पानावर किंवा संपादकांच्या चर्चेसाठी असलेल्या चर्चा पानावर आपले नाते उघडपणे सांगून ते मांडावेत, म्हणजे त्रयस्थ संपादक ते तपासू शकेल.

मात्र जन्मगाव, शिक्षण यांसारख्या वादातीत तपशिलांपुरता कुटुंबाच्या संकेतस्थळाचा आधार चालतो. थोरवी सांगणाऱ्या विधानांना तो चालत नाही.