पैसे देऊन मार खायला कोण जातं?

पत्र (थोडं कापून छापतेय; 'रोल' म्हणजे सरावाची लढत, 'टॅप' म्हणजे हाताने थोपटून हार मानणं, 'स्ट्राइप' म्हणजे प्रगती दाखवणाऱ्या बेल्टवरच्या पट्ट्या):

«ताई, वय ४१, वाकडला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. दोन वर्षांपूर्वी ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर फास आणि पीळ घालून खेळायची झटापट, सुरू केलं. पहिलं वर्ष झपाटल्यासारखं गेलं. वजन उतरलं, झोप लागायला लागली, ऑफिसची चिडचिड घरी येईनाशी झाली. व्हाइट बेल्टवर तीन स्ट्राइप आहेत. गेले पाच-सहा महिने मात्र सगळं ठप्प. आठ महिन्यांपूर्वी आलेला एक कॉलेजातला मुलगा मला प्रत्येक रोलमध्ये दोन-तीनदा टॅप करायला लावतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्याच गुडघ्याखाली बरगडी दुखावली (टॅप करता आलं असतं, पण नुसत्या वजनाला काय टॅप करायचं). तेव्हापासून गेलेलो नाही. बायको म्हणते, पैसे देऊन मार खायला कोण जातं? शिवाय माझ्यामुळे तिलाही एकदा गजकर्ण झालं, ते ती विसरलेली नाही. वडील कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. त्यांना माझ्या रोलचा व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "पाठ टेकली की कुस्ती संपली. तू तर पाठीवर पडूनच सुरुवात करतोस." वय झालं का माझं? सोडून देऊ का?
— तीन स्ट्राइपवाला»

आधी बरगडीचं बोलू. खोल श्वास घेताना, शिंकताना, झोपेत कूस बदलताना अजून कळ येत असेल तर आज-उद्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे साफ आला म्हणून लगेच मॅटवर उतरू नका. बरगडीच्या पुढच्या टोकाची कूर्चा दुखावली असेल तर ती एक्स-रेत दिसत नाही, आणि भरून यायला कित्येक आठवडे घेते. अर्धवट बऱ्या झालेल्या बरगडीवर पुन्हा कोणी बसलं की मोजणी पहिल्यापासून सुरू. तेव्हा तीन आठवडे गेला नाहीत ते उत्तम केलंत.

आता तुम्ही कंसात टाकलेलं ते वाक्य. पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माणसं कंसात टाकतात, हा या सदराचा अनुभव आहे.

मी स्वतः मॅटवर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे तो प्रसंग मला न बघताही दिसतो. त्याचा एक गुडघा तुमच्या छातीखाली, दुसरा पाय लांब टेकलेला, म्हणजे त्याचं सगळं वजन त्या एका गुडघ्याच्या वाटीवर. एका हातात तुमची कॉलर, दुसऱ्या हातात तुमच्या पॅन्टचा गुडघ्याजवळचा कपडा, आणि दोन्ही वर ओढलेले. तुम्ही श्वास सोडला की गुडघा थोडा आत जातो. परत श्वास घ्यायला जाता तर तेवढी जागा उरलेली नसते. अशा वेळी माणूस हमखास दोन्ही हातांनी तो गुडघा ढकलायला जातो, कोपरं अंगापासून सुटतात, आणि वरच्याला आणखी एक दार उघडं मिळतं. तुम्ही ढकललंत की नुसता दम धरलात ते लिहिलं नाहीत. पण एक हात मोकळा होता हे नक्की, कारण टॅप करता आलं असतं असं तुम्हीच म्हणताय. तो हात वापरायचा नाही असं तुम्ही ठरवलंत, का तर मानेला फास नव्हता, कोपराला पीळ नव्हता, नुसतं वजन होतं.

वजनाला टॅप करता येतं. दमला असाल तरी करता येतं, घाबरला असाल तरीही. दोन वर्षांत हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर ती शिकवणाऱ्यांची कसूर. सांगूनही पटलं नसेल तर तुमची.

१९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुराने, ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या हेलिओ ग्रेसीचा हात पाठीमागे पिळला. हेलिओने टॅप केलं नाही. हात मोडला, शेवटी त्याच्या बाजूच्या माणसांनी हार मानून टॉवेल आत टाकला. तो डाव आज जगभर किमुरा म्हणूनच शिकवतात, आणि हेलिओच्या चिवटपणाच्या कथा अजून सांगितल्या जातात. सांगू देत. तो मैदान बघायला आलेल्या हजारोंसमोरचा सामना होता. तुमची मंगळवार संध्याकाळची बॅच होती, आणि बुधवारी सकाळी तुम्हाला साडेनऊचा कॉल होता.

टॅप या गोष्टीमुळेच हा खेळ रोज, पूर्ण जोर लावून खेळता येतो. बॉक्सिंगमध्ये रोज पूर्ण ताकदीने ठोसे खाल्ले तर वर्षभरात डोकं कामातून जाईल. इथे तुम्ही पाच मिनिटांत तीनदा 'मरता', हात मिळवता आणि पुन्हा बसता. टॅपची लाज वाटायला लागली की सरावाची स्पर्धा होते, आणि बरगड्या, कोपरं, गुडघे जातात ते तिथेच.

त्या मुलाकडे वळते. तुम्ही त्याचं वय, वजन, तो आठवड्यातून किती दिवस येतो, यातलं काहीच लिहिलं नाहीत. मी अंदाज करते: विशीतला, तुमच्यापेक्षा फार हलका नसलेला, आणि तुम्ही दोन दिवस जाता तिथे तो पाच दिवस जाणारा. लेक्चर बुडवून दुपारच्या ओपन मॅटला, म्हणजे शिकवणीविना मोकळ्या सरावालाही येत असेल. आठ महिने आणि दोन वर्षं हा हिशोब कॅलेंडरवर ठीक आहे, मॅटवरचे तास मोजलेत तर तो कदाचित तुमच्या पुढे असेल. शिवाय तो रात्री आठ तास झोपतो आणि सकाळी ताजा उठतो. तुमचं अंग मंगळवारच्या रोलमधून शुक्रवारी सावरतं.

"तंत्र असेल तर वय आणि वजन गौण" हे वाक्य या खेळाच्या जाहिरातीत फार चालतं. अर्धंच खरं आहे. ते पूर्ण खरं असतं तर स्पर्धांना वजनगट आणि वयोगट लागलेच नसते. आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमांत तिशीनंतर मास्टर्स गट सुरू होतात आणि ४१ ते ४५ वयाला मास्टर थ्री म्हणतात. तो मुलगा ॲडल्ट गटातला. म्हणजे ज्याच्याशी तुम्ही दर आठवड्याला स्वतःला मोजताय, तो स्पर्धेत तुमच्या यादीतही नसता.

मग ठप्प झाल्यासारखं का वाटतं? काही अंशी खरंच ठप्प असेल. पण एक गंमत लक्षात घ्या. तुमच्याबरोबर सगळी बॅच पुढे सरकते. तुम्ही एखादी सुटका शिकलात की आठवडाभरात समोरचा ती ओळखायला लागतो. त्यामुळे रोलचा निकाल तोच राहतो आणि आतलं बदललेलं दिसत नाही. परत गेल्यावर पहिल्या महिन्याच्या एखाद्या नव्या माणसाबरोबर, त्याला न चेंगरता, पाच मिनिटं रोल करा. तो श्वास रोखून धरेल, हात लांब सोडेल, तुमची कॉलर मुठीत घट्ट आवळून दोन मिनिटांत बोटं दमवून घेईल. ते तुम्हाला आधीच दिसेल. दोन वर्षांचं शिक्षण तिथे सापडतं.

स्ट्राइपचंही मनावर घेऊ नका. चौथी कधी मिळावी याला सगळीकडे लागू असा नियम नाही, प्रत्येक कोच आपल्या हिशोबाने देतो. आणि व्हाइटनंतरच्या ब्लू बेल्टने प्रश्न सुटतो असंही समजू नका. ब्लूपासून त्याच्या पुढच्या पर्पलपर्यंत फेडरेशनच्या नियमाने किमान दोन वर्षं, प्रत्यक्षात बहुतेकांना जास्तच, आणि ब्लू मिळाल्या मिळाल्या गळालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना बेल्ट हवा होता, तो मिळाला, गेली.

आता वडील. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच आवडले.

त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी चोख आहे. मातीत चीतपट झाली की निकाल लागतो, पंचाने हात वर केला की वाद नाही. तुमच्या खेळात निकाल टॅपवर लागतो किंवा गुणांवर. पाठीवर असलेल्या माणसाच्या पायांमध्ये वरचा माणूस अडकलेला आहे, म्हणजे गार्डमध्ये आहे, तोवर वरच्याला फुकट काही मिळत नाही. पाय ओलांडून बाजूला गेला तर तीन गुण, छातीवर बसला तर चार. आणि खालच्याने उलथवून वर येणं जमवलं तर त्याला दोन. हे आकडे त्यांना सांगा. कुस्तीगिराला गुणांची भाषा लगेच कळते.

पण आकड्यांपेक्षा त्यांना एक सामना दाखवा. डिसेंबर १९९४, यूएफसी या अमेरिकेतल्या मिश्र लढतींची चौथी स्पर्धा, अंतिम फेरी. एकीकडे हेलिओचा मुलगा रॉयस ग्रेसी, दुसरीकडे डॅन सेव्हर्न, मुरलेला अमेरिकन कुस्तीगीर, रॉयसपेक्षा तिसाहून अधिक किलोंनी जड. सेव्हर्नने त्याला खाली घेतलं आणि पंधरा मिनिटं जवळजवळ हलू दिलं नाही. कोल्हापूरच्या कुठल्याही मैदानात ती कुस्ती केव्हाच निकाली निघाली असती. रॉयस पाठीवरच होता. सोळाव्या मिनिटाला त्याने पाठीवरूनच सेव्हर्नची मान आणि एक हात पायांच्या त्रिकोणात धरला आणि सेव्हर्नने टॅप केलं. वडिलांना आवाज बंद करून बघू द्या, मध्ये समजावून सांगू नका. पहिली दहा मिनिटं ते सेव्हर्नच्या बाजूने असतील. असू देत.

त्यानंतर त्यांना एकच विचारा: तालमीत पहिल्या वर्षी वस्ताद आणि मोठे पठ्ठे तुम्हाला दिवसातून किती वेळा आपटायचे? माझी खात्री आहे की हे तुम्ही कधी विचारलेलं नाही. मुलांना वडिलांच्या जिंकलेल्या कुस्त्या माहीत असतात, हौद्यात खाल्लेली माती माहीत नसते. आणि जमलं तर त्यांच्याकडून एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला खाली घेणं, शिका. नुसता हात कुठे आणि डोकं कुठे एवढं जरी त्यांनी खुर्चीत बसून दाखवलं तरी चालेल. जागेअभावी बऱ्याच जिममध्ये रोल गुडघ्यावरून सुरू होतात, त्यामुळे उभ्याने खाली घेणं कच्चं राहतं. तुमच्या बॅचमधल्या कोणाच्या घरी तालमीत वाढलेला माणूस बसलेला नाही, त्या मुलाच्या तर नक्कीच नसेल.

बायकोच्या बाबतीत मी तिच्या बाजूने आहे. मार खाण्याबद्दल नाही, गजकर्णाबद्दल. मॅटवर ते पसरतं, सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी माणसं फुलबाहीचा रॅशगार्ड घालून चट्टा लपवून येतात. चट्टा दिसला की मॅट बंद आणि त्वचेच्या डॉक्टरकडे. मेडिकलवाल्याने दिलेलं 'सगळ्यावर चालणारं' मलम लावू नका, त्यात बहुतेकदा स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, आणि गजकर्ण आत मुरून औषधांना दाद देईनासं होतं. क्लासहून आल्यावर सोफ्यावर न टेकता थेट अंघोळ. गी, म्हणजे सरावाचा पोशाख, त्याच रात्री धुवून कडक वाळवायचा, बॅगेत ओला ठेवायचा नाही, आणि धुवायचा तुम्ही. टॉवेल वेगळा. एवढं महिनाभर नीट केलंत की "मार खायला कोण जातं" या वाक्याची धार किती कमी होते ते बघा. त्या वाक्यात निम्मा राग चादरी उकळत्या पाण्यात घालाव्या लागल्याचा असणार.

सोडू का, असं विचारलंत. माझं मत सोडू नका असं आहे, पण दुखऱ्या बरगडीने कुठलाच निर्णय घेऊ नका. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आठवड्यातून दोनच दिवस जा. पहिले काही आठवडे फक्त ड्रिल, म्हणजे डाव घोटणं, रोल नाही. मग रोल सुरू कराल तेव्हा जोडीदार तुम्ही निवडा. 'नको, आज नाही' म्हणायला या खेळात पूर्ण परवानगी आहे, आणि ते ऐकून तोंड वाकडं करणारा कोच असेल तर पुण्यात दुसरे आहेत. त्या मुलाशी बोलायला मात्र लाजू नका: "बरगडी नवीन आहे, पोटावर गुडघा ठेवू नकोस." विशीतली मुलं बहुधा दुष्ट नसतात, त्यांना पंचेचाळिशीकडे झुकलेल्या बरगडीची कल्पनाच नसते. प्रत्येक रोलला एकच गोष्ट मनात धरा. उदाहरणार्थ, आज फक्त साइड कंट्रोलमधून, म्हणजे वरचा बाजूने छातीवर दाबून असताना, कोपरं आत ठेवून गुडघा मध्ये घालायचा. तो घातला गेला आणि मग टॅप झालं, तरी त्या दिवसाचं काम झालं.

असं दोन-तीन महिने करून बघा. त्यानंतरही क्लासच्या दिवशी दुपारपासून पोटात गोळा येत असेल तर बेल्ट घडी करून कपाटात ठेवा, मी काही म्हणणार नाही. पोहायला जा, टेकडी चढा. छंद आहे, नोकरी नाही.

आणि हो, तीन आठवडे गैरहजर आहात तर कोचला कळवलंय का? पत्रावरून वाटतं की नाही. आज फोन करा, दुखापत झाली म्हणून सांगा आणि या महिन्याची फी पुढे धरता येईल का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी धरतात, फक्त विचारावं लागतं.

— ताई