टॅपिओकावरील पिठ्या ढेकूण: पंप खाली ठेवा, बेणे तपासा

टॅपिओका म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो ते पीक. त्याबद्दल सिंधुदुर्गातून आणि शेजारच्या गोव्यातून आलेले प्रश्न साधारण एकच आहेत. शेंडे आखडून गुच्छ झालेत, पानाखाली कापूस दिसतो. दुकानदाराने प्रोफेनोफॉस, सायपरमेथ्रीन ही कीटकनाशके आणि टॉनिक एकत्र करून दिले, तीन फवारण्या झाल्या, तरी कीड वाढतेच आहे. आता काय मारू?

काही मारू नका. कीड वाढली ती या फवारण्यांमुळेच. पिठ्याच्या अंगावर मेण असते, औषध त्यावरून घरंगळून जाते. मरतात ते पिठ्या खाणारे ढालकिडे आणि पिठ्याच्या अंगात अंडी घालणारे बारीक परोपजीवी. पानाखाली भिंगाने बघा. पिठ्या तपकिरी, फुगीर, कडक झालेला असेल आणि त्याला गोल भोक असेल, तर तिथे परोपजीवी कामाला लागलेत. अशा प्लॉटमध्ये पंप नेऊ नका. क्रिप्टोलेमस ढालकिड्याची अळीही कापसाच्या बोळ्यासारखी पांढरी असते, पण पिठ्यापेक्षा मोठी आणि चपळ. तिला ‘मोठा पिठ्या’ समजून मारणारे बरेच आहेत.

चिरडल्यावर पिवळा रस निघाला तर तो पपईवरचा पिठ्या. 2008 मध्ये कोइंबतूरला दिसला आणि तमिळनाडूत पपई, तुती, टॅपिओका सगळ्यांवर पसरला. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून तीन परोपजीवी आणून सोडले, तेव्हा आवरला. गुलाबीसर रंगाचा, शेंडा फार आखडवणारा तो खास टॅपिओकाचा पिठ्या. 2020 मध्ये केरळात त्रिशूरला सापडला. त्याच्यासाठी बेनिनहून ॲनागायरस लोपेझी हा परोपजीवी आणला आणि 2022 मध्ये सेलम जिल्ह्यात सोडला, म्हणजे आपला उपवासाचा साबुदाणा येतो त्या भागात. दोन्ही वेळा काम किड्यांनी केले, डब्यांनी नाही.

आता करायचे ते असे. आखडलेले शेंडे कापून पिशवीत भरा आणि जाळा. बांधावर फेकाल तर पिल्ले वाऱ्याने परत येतील. गुरांनाही घालू नका, कच्च्या पाल्याने सायनाइडची बाधा होते. बांधावरचे गाजर गवत काढा आणि जास्वंद, पपई तपासा. पिठ्या तिथेच मुक्काम करतो. मुंग्यांची वारुळे मोडा, त्या पिठ्याची राखण करतात.

मित्रकिडे दिसतच नसतील तरच 5 टक्के निंबोळी अर्क मारा: 5 किलो निंबोळी भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, 200 ग्रॅम साबण घालून 100 लिटर करा. संध्याकाळी, पानाच्या खालून. ‘पंपाला दोन झाकणं’ हा हिशेब बंद करा, झाकण हे माप नाही. दुकानदार म्हणाला म्हणून डोस दुप्पट करू नका. दोन कीटकनाशके एकत्र करू नका. लेबलवर टॅपिओका लिहिलेले नसेल तर डबा परत करा. आणि जूनमध्ये फवारू नका. कीड फेब्रुवारी ते मे वाढते, जोराच्या पावसात आपोआप धुऊन जाते. तेव्हाची फवारणी दुकानदाराच्या फायद्याची.

खरा इलाज बेण्यात आहे. कीड शेतात येते ती बहुधा तुम्हीच कांडीबरोबर आणलेली असते. निरोगी झाडाचाच दांडा घ्या, कोवळा शेंडा आणि बुडाचा जून भाग टाकून द्या, मधल्या भागाच्या 15 ते 20 सेंटीमीटरच्या कांड्या करा. दांडे साठवताना सावलीत उभे ठेवा. आडवी रास घातली की पांढरी खवले कीड धरते. थायलंडमध्ये कांड्या थायामेथोक्झाम 25 डब्ल्यूजी या कीटकनाशकाच्या पाण्यात 5 ते 10 मिनिटे बुडवतात, प्रमाण 20 लिटरला 4 ग्रॅम. कुणी 40 ग्रॅम सांगेल, ऐकू नका.

पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आणि पान वाकडे, म्हणजे मोझॅक हा विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते, पण मुख्य वाट इथेही बेणेच. फवारणीने रोगट झाड बरे होत नाही, उपटा. श्री रक्षा, श्री शक्ती हे प्रतिकारक वाण मिळाले तर बघा.

उन्हाळ्यात पाने पिठूळ-तांबूस होत असतील तर ती कोळी कीड. कोळ्यांना आठ पाय असतात, ते कीटक नव्हेत, म्हणून कीटकनाशक उपयोगाचे नाही. साध्या पाण्याचा जोराचा फवारा दर 10 दिवसांनी द्या, पुष्कळ झाले.

फवारणी पंपाच्या अनुदानाबद्दल विचारणाऱ्या महाराष्ट्रातल्यांसाठी: अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, खरेदी पूर्वसंमतीनंतर. आधीचे बिल चालत नाही.